गुलाबसिंगचा ढाळ

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी घाटंजीतले जिनिंग फेब्रुवारीतच बंद पडले आणि गुलाबसिंग फिटर घरी बसला. तीस वर्षे यंत्रांशी बोललेल्या माणसाला बायकोशी काय बोलावे ते सुचेना. अशात नागपूरच्या लेकीने, बबिताने, आपला जुना एसी टेम्पोत घालून पाठवला. मागच्या उन्हाळ्यात तिच्या छकुलीला घामोळ्या आल्या म्हणून बबिता दोन दिवसांत परत गेली होती. यंदा खोली गार असेल तरच नातीला घेऊन महिनाभर राहणार होती.

"मिस्त्री आठ दिवस येत नाई म्हणते," चंदाबाई म्हणाली.

"मिस्त्री कायले पायजे? मी अख्खं जिनिंग उभं केलं. हे तं दोन डबे अन् एक नळी."

डबे बसले. भिंतीला भोक मात्र त्याने बाहेरून, शिडीवर चढून, वरून खाली पाडले. त्यामुळे पाण्याच्या नळीचा ढाळ घरात आला. एसी सुरू झाला, खोली गार पडली, गुलाबसिंगने समाधानाने मिशीवर हात फिरवला आणि त्या हातावर थेंब पडला.

"एसीचं पाणी बाहेर जात असते," तो म्हणाला.

"बाहेर कुठं? माह्या गादीवर जाऊन राह्यलं."

नळ बारा दिवसांनी यायचा. पाणी वाया कसे घालवायचे? चंदाबाईने गळतीखाली जुना कूलर सरकवला, टाकी भरत आली तसा सुरूही केला. मग बंद खोलीत कूलर हवा ओली करी आणि एसी तीच ओल पुन्हा टाकीत गाळी. शेजारचे पुंडलिकराव तासभर खुर्ची टाकून बघत बसले.

"गुलाबभाऊ, माह्या घरीबी असाच गळका बसवून द्या."

बबिता आली. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात, टाकीतल्या टपटपीवर छकुली दुपारभर झोपायची. तो वास आणि तो आवाज आठवला की चंदाबाईचा जीव अजून हळवा होतो.

आठ दिवसांचा मिस्त्री अठराव्या दिवशी उगवला. गुलाबसिंग बाजारात गेला होता. "कोन्या येड्यानं बसवला हो?" म्हणत त्याने दहा मिनिटांत ढाळ बाहेर काढून दिला. खोली कोरडी झाली आणि चिडीचूप.

त्या दुपारी छकुली झोपली नाही. दुसऱ्याही दुपारी रडून लाल झाली.

"याडी, मी उद्या निंगतो," बबिता आईला म्हणाली आणि बॅग काढू लागली.

 गुलाबसिंगने तांब्या भरून घेतला, कूलरशेजारी मांडी घातली आणि टाकीत एकेक थेंब सोडू लागला. टप. टप. छकुलीचे डोळे मिटले. बबिताने बॅग हळूच खाटेखाली सारली.

"आता रोज इथंच बसता काय?" चंदाबाईने दबक्या आवाजात विचारले.

"छकुलीले जायले पंधराच दिवस तं राह्यले," तो म्हणाला आणि त्याने पुढचा थेंब सोडला.