बारा पिल्लं आणि ट्रकभर वाळू

“वाळू? वाळूतलं मला कोणी शिकवायचं नाही!” मिस्त्रींनी छातीवर हात आपटून जाहीर केलं, आणि त्यांच्या बायकोने तेव्हाच ओळखलं की आता घरात काहीतरी होणार.

तसं मिस्त्रींचं म्हणणं खोटं नव्हतं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. मूठभर वाळू हातात घेतली की ती किती ओली, किती जाड आणि तिच्यात माती किती, हे डोळे मिटून सांगणार. पण वर्षापूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. मुलाने बांधकामाचा सगळा कारभार हातात घेतला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “बाबा, आता तुम्ही आराम करा.”

आराम! मिस्त्रींना तापात कधी आराम मिळाला नाही, तो धडधाकट असताना कुठून मिळणार? पहिल्या महिन्यात त्यांनी मागच्या भिंतीचं प्लॅस्टर काढून परत केलं. दुसऱ्या महिन्यात तेच पुन्हा काढलं, कारण मनासारखं झालं नव्हतं. मग त्यांनी जेवायच्या टेबलावर लेव्हल ठेवून पाहिली. टेबल दोन सूत तिरकं निघालं. एक पाय तासला, तेव्हा दुसरा लांब झाला. दुसरा तासला, तेव्हा तिसरा. आता त्या टेबलाशी मांडी घालून जेवावं लागतं.

आणि रोज सकाळी, बायकोची पाठ वळली रे वळली की हा माणूस साइटवर! तिथे गेला की मजुराच्या हातातली थापी काढून घ्यायची, “असं नाही रे, असं!” म्हणायचं आणि सगळ्यांचं काम थांबवायचं. मुलगा रडकुंडीला आला होता.

शेवटी बायकोने एक दिवस कोंबडीची बारा पिल्लं आणली. आठ दिवसांची, पिवळीधमक. जुन्या प्लायवुडच्या खोक्यात सोडली, वर एक बल्ब टांगला आणि नवऱ्याला समोर बसवलं.

“ऐका. सहा आठवडे ही तुमच्या ताब्यात. बाराच्या बारा जगली तर साइटवर जायला तुम्ही मोकळे.”

“मोकळा म्हणजे?” मिस्त्रींचा विश्वास बसेना.

“म्हणजे खालच्या मजल्यावरची देखरेख तुमची,” दारात उभा असलेला मुलगा म्हणाला. “शिडी नाही. पण बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं.”

“आणि एक जरी कमी झालं,” बायकोने बोट उगारलं, “तर साइटचं नाव काढायचं नाही! कायमचं!”

“ठरलं!” मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. ते पिल्लांमुळे, असं बायकोला वाटलं. ते साइटमुळे होते.

आता पिल्लांच्या खाली काय घालायचं? खोक्यात जुने कागद होते आणि त्यांच्यावरून पिल्लांचे पाय सटासट घसरत होते. शेजारचा सुतार कुंपणावरून वाकला. “रंध्याचा भुसा देतो की पोतंभर. सगळे तोच घालतात.”

सुताराकडून फुकट भुसा? मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. मी केलेल्या सरळ भिंती याने चाळीस वर्षं खिळे ठोकून नासवल्या, आणि आता याचा भुसा घेऊ? त्याच क्षणी त्यांच्या तोंडून ते वाळूचं वाक्य निघालं.

“वाळूवर पिल्लं?” सुतार हसला. “समुद्रावर फिरायला आणलीत का?”

“तुला काय कळतंय! धुतलेली जाड वाळू घे, कोरडी कर, चार बोटं पसर. ऊब धरून ठेवते. घाण वरच्यावर चाळून काढता येते. भुशासारखा कुबट वास नाही की काही नाही!”

आणि हे सगळं खरं होतं, बरं का. मिस्त्रींची चूक इथे झालीच नाही. चूक झाली फोनवर.

त्यांनी वाळूवाल्याला फोन लावला. तब्बल दहा मिनिटं बोलले. वाळू नदीतली हवी, दोनदा धुतलेली हवी, बारीक नको, पिल्लू गिळेल, दाणा मुगाएवढा हवा, माती अजिबात नको, ओली आणलीस तर परत पाठवीन! वाळूवाला “हो मिस्त्री, हो मिस्त्री” करत राहिला. या दहा मिनिटांत मिस्त्रींनी फक्त एक गोष्ट सांगितली नाही. किती हवी, ते. आणि वाळूवाल्याने विचारलं नाही, कारण चाळीस वर्षांत मिस्त्रींनी ट्रकापेक्षा कमी वाळू कधी मागवलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता घराबाहेर घरघर झाली. मिस्त्री चार घमेली घेऊन बाहेर आले, तोवर ट्रकाने मागचा भाग उचलला होता. धुरळा बसला तेव्हा समोर डोंगर उभा! मिस्त्रींचं फाटक त्याच्यामागे, सुताराचं फाटक त्याच्यामागे, आणि सुताराच्या फाटकाच्या आत त्याचा टेम्पो, आणि टेम्पोत गिऱ्हाइकाला अकरापर्यंत पोहोचवायचं भलंमोठं कपाट.

पायाखालची वाळू सरकली असं लिहिणार होतो, पण ती सरकत नव्हती हीच तर अडचण होती.

“हे काय?” बायको किंचाळली.

“पिल्लांसाठी,” मिस्त्री हळूच म्हणाले.

“बारा पिल्लांसाठी? हत्तीची आहेत का?”

दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मिस्त्रींनी आधी चार घमेली वाळू उचलली. चाळली. पत्र्यावर पसरून कडक उन्हात वाळवली. खोक्यात चार बोटं अंथरली आणि थापीने अशी सपाट केली, की विचारू नका! पिल्लं सोडली. पिल्लांनी ताबडतोब पायांनी ती उकरून टाकली. मिस्त्रींनी पुन्हा सपाट केली. पिल्लांनी पुन्हा उकरली. “अरे, आत्ताच केलंय ना!” मिस्त्री ओरडले. असं सात वेळा झालं. आठव्यांदा बायकोने थापी काढून घेतली.

तोवर बाहेर गर्दी जमली होती. सुतार टेम्पोचा हॉर्न दाबून बसला होता. समोरच्या घरातल्या बाई म्हणत होत्या की मिस्त्री वर मजला चढवणार, आता आमच्या खिडकीत ऊन कुठून येणार! त्यांनी नुसतं बोलून भागवलं नाही, पालिकेत फोनही केला. तासाभरात पालिकेचा साहेब हजर. कडक इस्त्री, हातात पॅड.

“बांधकामाची परवानगी दाखवा.”

“बांधकाम नाही, साहेब. कोंबडीची पिल्लं आहेत.”

“मी काय दुधखुळा आहे? पिल्लांना ट्रकभर वाळू?”

“थांबा, दाखवतोच!” असं म्हणून मिस्त्री आत गेले आणि पिल्लांसकट खोका उचलून बाहेर घेऊन आले. आणि नेमक्या त्याच वेळी मोटरसायकल करकचून थांबवत मुलगा आला. मागून फावडी घेतलेले सहा मजूर.

“बाबा! माझी वाळू कुठेय? आज स्लॅब आहे! मिक्सर फिरतोय, सिमेंट फोडून ठेवलंय, आणि वाळूवाला म्हणतो, आज गाडी एकच होती, ती मोठ्या मिस्त्रींना दिली! म्हणतो, आधी बापाचा फोन, मग मुलाचा!”

खरं सांगायचं, तर हे ऐकून मिस्त्रींना घटकाभर फार बरं वाटलं. अजून आपला शब्द चालतो तर! त्या आनंदात ते झटकन वळले, गुडघ्यात कळ आली, खोका कलंडला आणि बाराही पिल्लं वाळूच्या ढिगावर सांडली.

पिवळी पिल्लं. पिवळी वाळू. वर दुपारचं ऊन. पापणी लवायच्या आत सगळी दिसेनाशी झाली!

“उचला रे वाळू पटापट!” मुलाला यातलं काही कळलं नव्हतं. सहा फावडी वर गेली.

“खबरदार!” मिस्त्री असे गरजले की साहेबाच्या हातातलं पॅड पडलं. “फावडं लावाल तर याद राखा! पिल्लं आहेत त्यात!”

मग जे झालं ते त्या गल्लीने आजवर पाहिलं नव्हतं. सहा मजूर, मुलगा, बायको, सुतार, समोरच्या बाई, सगळे ढिगावर रांगायला लागले. साहेब बाजूला उभा होता, पण त्याच्या बुटावर एक पिल्लू येऊन बसलं आणि त्यालाही खाली वाकावं लागलं. “सापडलं!” “अहो, तो दगड आहे!” “हळू, हळू, पाय देऊ नका!” सुताराने टोपीत तीन गोळा केली. मुलगा घड्याळ बघत होता, कपाळ पुसत होता आणि तरीही रांगत होता.

बायकोने खोक्यात मोजली. “अकरा.”

पुन्हा मोजली. अकराच.

मिस्त्री मटकन खाली बसले. साइट गेली. पण खरं सांगू? त्या क्षणी साइटचा विचार दुसरा आला. पहिला आला तो त्या पिल्लाचा. सकाळपासून तेच एक त्यांच्या थापीवर येऊन उभं राहत होतं. एवढासा जीव, आपल्या घाईपायी वाळूखाली गाडला गेला असेल तर?

“बाबा, स्लॅब...” मुलगा काकुळतीला आला.

“एक मिनिट,” मिस्त्री म्हणाले. ते उठले. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा ते काही न करता नुसते उभे राहिले. मग त्यांनी ढिगात एका ठिकाणी हात घातला. ओली. दुसरीकडे घातला. गार. वाळू वरून सारखी दिसली तरी सगळीकडे सारखी नसते, हे त्यांना ठाऊक होतं. पिल्लू ऊब शोधणार. ऊन पडतंय इकडून, वारा येतोय तिकडून, म्हणजे कोरडी आणि तापलेली जागा मागच्या अंगाला, भिंतीच्या आडोशाला.

ते गुडघे धरत मागे गेले. आणि तिथे ते होतं. वाळूत आडवं पडलेलं. पंख पसरलेले, मान टाकलेली, डोळे मिटलेले.

“गेलं,” सुतार पुटपुटला. समोरच्या बाईंनी तोंडाला पदर लावला. बायकोने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रींनी एका बोटाने पिल्लाला हळूच शिवलं.

पिल्लाने एक डोळा उघडला. झोपमोड केल्याबद्दल वैतागून बघितलं, अंग झाडून सगळ्यांच्या तोंडावर वाळू उडवली, कूस बदलली आणि पुन्हा झोपलं!

“अंघोळ करतंय ते! वाळूची अंघोळ!” मिस्त्री हसत होते आणि रडतही होते. “सांगितलं होतं ना, वाळूच पाहिजे म्हणून!”

मजुरांनी टाळ्या वाजवल्या. वाळूवाल्याचा ट्रक परत बोलावला, तासाभरात वाळू साइटवर गेली, स्लॅब संध्याकाळी टाकून झाला, कपाट दुपारी पोहोचलं. साहेब पॅडवर काय लिहावं हे न सुचून तसाच गेला. जाताना मात्र खोक्यापाशी पाच मिनिटं उभा होता.

सहा आठवडे गेले. बाराच्या बारा जगली, आणि अशी टपोरी झाली की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. ठरल्या दिवशी मिस्त्री पहाटेच उठले. दाढी केली, साइटचे बूट चढवले, फाटक उघडलं.

फाटकात पालिकेचा साहेब, हातात खोका. त्याच्यामागे समोरच्या बाई, हातात टोपली. त्यांच्यामागे वाळूवाला, दोन खोकी. सगळ्या खोक्यांतून चिवचिवाट.

“मिस्त्री, एवढी वाढवून द्या ना,” साहेब म्हणाला. “तुमच्यासारखा हात नाही कुणाचा.”

“अजिबात नाही!” मिस्त्री कडाडले. “मी कामाचा माणूस आहे. आज माझी साइट आहे. हटा!” आणि जाता जाता, सहज, अगदी सहज म्हणून, त्यांनी एका खोक्यात डोकावून पाहिलं.

बाराच्या सुमाराला साइटवरून मुलाचा फोन आला. “बाबा, येताय ना? खालचा मजला तुमची वाट बघतोय!”

“आज नाही जमायचं,” मिस्त्री फोन खांद्याशी धरून म्हणाले. दोन्ही हात वाळूत होते. “उद्याही नाही. आणि हे बघ, तुझे दोन मजूर पाठव इकडे. पण हातपाय धुऊन या म्हणावं. साइटवरची घाण मला इथे चालणार नाही!”