मुंजाजी सरांचा पहिला बेस

मुंजाजी सर स्वतःच्या घरापाशी कधीच थांबत नाहीत. त्यांची स्कूटर फाटकासमोरून सुसाट पुढे जाते, पिठाच्या गिरणीपाशी वळते आणि मग घरी येते. आम्ही जिंतूरला त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मला वाटलं, ब्रेक गेलेत.

"ब्रेक शाबूत हायेत," सर म्हणाले. "पहिल्या बेसवर ब्रेक मारायचा नसतो."

सर शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले, तरी सॉफ्टबॉलचा सामना असला की अंपायर तेच. चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे, म्हणजे मैदानावरच्या पहिल्या चौकोनी गादीकडे, जीव खाऊन पळायचं; बेसला पाय लावून वेगात पुढे गेलं तरी चालतं, फक्त तिथून सरळ बेसवर परत यायचं. दुसऱ्या बेसकडे निघालात, तर चेंडू लावून आउट. हा नियम आमच्या दूधवाल्यालासुद्धा पाठ आहे. दुसरं करणार काय बिचारा.

गंगाखेडच्या सामन्यात एक पोरगी अशीच पुढे गेली आणि डावीकडून वळून परत येऊ लागली. तिला चेंडू लावला, मैदान "आउट" म्हणून ओरडलं, कारण वळायचं ते उजवीकडूनच अशी सगळ्यांची ठाम समजूत. सरांनी दोन्ही हात आडवे पसरले. म्हणजे सेफ. समोरच्या संघाचे मास्तर अंगावर धावून आले.

"वळली, निघाली न्हाई," सर म्हणाले. "इरादा बघा." मास्तर मैदानाबाहेर जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

मग सरांच्या बायको, सुमनकाकू, सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. दिवाळीला परतायच्या होत्या, संक्रांत उलटून गेली. आईनं आता इथंच राहावं, असं लेकाचं म्हणणं. काकू फोनवर नुसतं "बघू" म्हणत. आता काही त्या येत नाहीत, असा गल्लीनं निकाल लावून टाकला.

"बेसच्या पुढं गेलीय, एवढंच," सर म्हणायचे. "दुसरीकडं जायचा इरादा न्हाई तिचा." पण खिचडी रोज करपायची. आणि पेपर घरी येत असताना सर तो आणायला एसटी स्टँडवर जायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

"बोलवून घ्या की काकूंना," मी म्हणालो.

"रनरला अंपायरनं बोलवायचं नसतं."

परवा सकाळी आम्ही दोघं फाटकात उभे होतो. एक रिक्षा आली. आत काकू, मांडीवर पिशवी. रिक्षावाला नवखा असावा, घर मागे टाकून तो पुढे निघाला. मी हाक मारणार, तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं.

"थांबा," ते म्हणाले. "इरादा बघा."

रिक्षा गिरणीपाशी थांबली, वळली आणि सरळ परत आली. मला असं हायसं वाटलं, जणू माझंच कुणी घरी आलं होतं. सरांनी दोन्ही हात आडवे पसरले. काकू उतरल्या तरी ते तसेच.

"हात खाली घ्या, लोक बघायलेत," काकू म्हणाल्या.

"सेफ," सर कसेबसे म्हणाले.

"एकदा ये म्हणला असतात, तर दिवाळीलाच आले असते मी."

सरांचे हात पसरलेलेच. काकूंनी क्षणभर वाट पाहिली, मग त्यातल्या एका हातात पिशवी अडकवली आणि दुसरा धरून त्यांना आत नेलं.