पुंडलिकरावांच्या टॅब्लेटचा अकाली मृत्यू

"ज्याच्या नजरेतून सुईचं नेढं सुटत नाही, ज्याचं नाव ऐकून सौंसरचे चोर छिंदवाड्याला पळतात आणि छिंदवाड्याचे नागपूरला, ज्याच्या मेंदूचा विमा उतरवायला एकही कंपनी धजावत नाही, तो मी. गजेंद्र कळंबे. बसा."

हे स्वागत गजेंद्ररावांनी स्वतःच रचलं होतं आणि दाराशी कोणी आलं की ते उभं राहून म्हणायचे. आलेला माणूस शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, "आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स द्या. दोन्ही बाजू." पांढुर्ण्याच्या त्या दुकानाच्या पाटीवर 'गजेंद्र इन्व्हेस्टिगेशन ब्यूरो' ही अक्षरं हातभर होती, पण लोकांच्या कामाची अक्षरं त्याखाली बारीक लिहिलेली होती: झेरॉक्स, लॅमिनेशन.

झेरॉक्स काढायचं काम गुणवंताचं. तो गजेंद्ररावांचा मेहुणा, प्रतिभाताईचा धाकटा भाऊ. तिगावची संत्र्याची बाग आणि दोन लेकरं सांभाळून तो रोज मोटारसायकलवर पांढुर्ण्याला यायचा, कारण भाऊजींना ना मशीन चालवता यायचं ना मोटारसायकल. डिटेक्टिव्हानं मागं बसून विचार करायचा असतो, असं भाऊजी म्हणत. बहीण दिलेल्या घरापुढं भावानं मान तुकवायची असते, म्हणून गुणवंता ते ऐकून घेई.

त्या दिवशी अमावस्या होती. दर अमावस्येला दुकानापुढं नारळ फोडायचा, हा प्रतिभाताईचा हुकूम. गुणवंतानं सकाळीच तो फोडला आणि गजेंद्ररावांनी खोबऱ्याचे तुकडे शर्टाच्या खिशात भरले. खोबऱ्यानं डोकं चालतं, असा त्यांचा सिद्धांत होता. तो अजून सिद्ध व्हायचा होता.

तेवढ्यात वीज खात्यातून रिटायर झालेले पुंडलिकराव दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आत आले. स्वागत पूर्ण होण्याची वाट न बघता त्यांनी ते काउंटरवर ठेवलं आणि दुपट्टा बाजूला केला. आत एक जुना टॅब्लेट होता.

"गजेंद्रभौ, खून झाला."

गजेंद्ररावांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की गुणवंतालाच लाज वाटली.

"मागच्या आठवड्यात सकाळी बातम्यांचं ॲप उघडलं," पुंडलिकराव सांगू लागले, "तर म्हणते मुदत संपली, अपडेट करा. भजनाचं उघडलं, तेबी तेच. मेसेजचं बी तेच. अपडेट कराले गेलो तर म्हणते, हे ॲप तुमच्या उपकरणाशी सुसंगत नाही. एका दिवसात सगळेच्या सगळे! म्हातारं माणूस असं मरते का जी? आधी डोळे जाते, मंग गुडघे जाते. काही क्रम असते. हे खाल्लेल्या अन्नातून झालं."

"काहीच चालू नाही?"

"एक पंचांग तेवढं चालू आहे. त्याले इंटरनेट लागत नाही."

"आणि चौकातला मोबाइलवाला काय म्हणते?"

"तो म्हणते मशीन जुनं झालं, फॉरमॅट मारा. मी म्हटलं, पाळणा? तर म्हणते, तो बी जाईन." पुंडलिकरावांनी दुपट्ट्याच्या टोकानं टॅब्लेटची काच पुसली.

तो पाळणा म्हणजे काय, ते गुणवंताला ठाऊक होतं. पुंडलिकरावांच्या अनुराधाबाई म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक बारशाचा आवाज. गुणवंताच्या लेकीच्या बारशातही त्याच गायल्या होत्या, तेही स्वतः रचलेला पाळणा. मुलाचं, तुषारचं लग्न झालं तेव्हा त्यांनी या टॅब्लेटमध्ये आपला आवाज भरून ठेवला. "मी असन का नसन, नातवंडाले आजीचा पाळणा पायजे," म्हणाल्या. मग नसण्याची पाळी आली. आता तुषारला मुलगी झाली होती, उद्या तिचं बारसं पांढुर्ण्यात होतं, आणि पाळणा ज्या रेकॉर्डिंगच्या ॲपात होता ते मुदत संपल्याचं सांगून दार लावून बसलं होतं. गुणवंताला फार वाईट वाटलं. दुसरी कुठं त्या बाईच्या आवाजाची खूण उरली नव्हती.

"वय हे मरणाचं कारण नसते, पुंडलिकराव," गजेंद्रराव म्हणाले. "तुम्ही बी जुनेच आहे. चालू आहे ना?"

"चालू आहो," पुंडलिकराव म्हणाले, पण जरा घाबरून.

"मंग झालं तर. गुणवंता, गाडी काढ. घटनास्थळ!"

घटनास्थळ म्हणजे पुंडलिकरावांच्या बैठकीतली आरामखुर्ची. गजेंद्ररावांनी लॅमिनेशनच्या पट्टीनं खुर्ची मोजली, चार्जरचा वास घेतला आणि खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ "हं" म्हटलं. पुंडलिकरावांची मुलगी तृप्ती सौंसरला शाळेत शिकवायची आणि बारशासाठी आजच सकाळी आली होती. ती हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती.

पुंडलिकरावांनी साबुदाण्याच्या खिचडीच्या बश्या आणल्या. "घ्या जी, आज एकादशी. ही गेल्यापासून तिचे सगळे उपास मीच धरतो. रोज उठलो का पंचांग पाहतो. हिचा एक बी उपास चुकू देत नाही."

गजेंद्ररावांनी तोंडातलं खोबरं एका गालात सरकवलं आणि बशी घेतली. खोबरं उपासाला चालतं.

"या आठवड्यात काही विचित्र घडलं का?" त्यांनी चमचा रोखून विचारलं.

पुंडलिकरावांनी विचार केला. "शनिवारी जामसांवलीले गेलो. मारुतीले दर शनिवारी जातो. यावेळी गर्दीच नव्हती जी. चपला ठेवाले जागाच जागा."

"शनिवारी गर्दी नाही?"

"पुजाऱ्याले बी म्हटलं, लोकायची श्रद्धा कमी होऊन राहिली. तो हसला नुसता."

"तो हसला." गजेंद्ररावांनी मेहुण्याकडं अर्थपूर्ण पाहिलं. गुणवंतानं बिनअर्थाचं पाहिलं. "आता नीट ऐका. मशीन म्हणते, सुसंगत नाही. म्हणजे काय? गुण जुळत नाही! या घरात आणखी कोणाचे गुण जुळवून राहिले?"

"आमच्या तृप्तीचं जमलं ना. बोरगावचा पोरगा आहे, शुभम. पुढच्या साली याच महिन्यात लग्न काढू म्हणतो."

"जमलं कवा?"

"मागच्या आठवड्यात."

"अन् टॅब्लेट मेला कवा?"

"मागच्याच आठवड्यात," पुंडलिकराव म्हणाले आणि त्यांचा रंग उडाला.

"बोरगावकर!" गजेंद्ररावांनी चमचा खाली ठेवला.

"काका," तृप्ती म्हणाली, "त्या माणसानं आतापर्यंत माझा फोन नंबर बी मागितला नाही. तो टॅब्लेट काय मारणार?"

"तोच तर संशय आहे, बेटा. निष्पाप माणूस नंबर मागते."

"अन् जामसांवलीची गर्दी?"

"त्यांनीच हटवली."

"आख्खी?" गुणवंताला राहवलं नाही.

"मोठं रॅकेट आहे, गुणवंता. तू झेरॉक्स पाहा." मग ते पुंडलिकरावांकडं वळले. "शेवटचा सवाल. तुम्ही कुठं हात लावला होता? सेटिंग-बिटिंग?"

"मी? नाही जी. मी पंचांग पाहतो अन् ठेवून देतो," पुंडलिकराव म्हणाले आणि पंख्याकडं पाहू लागले. पंखा नेहमीसारखाच फिरत होता.

गजेंद्ररावांनी टॅब्लेट दुपट्ट्यात गुंडाळून काखेत मारला. "उद्या बारशात पाळणा वाजेल. गजेंद्र कळंब्यांचा शब्द."

मोटारसायकल गल्लीबाहेर पडल्यावर त्यांनी मागून गुणवंताच्या कानात बेत सांगितला. फॉरमॅट.

गुणवंतानं गाडी नालीत घालता घालता वाचवली. "भाऊजी, पाळणा जाईन ना!"

"चोर घरात दडला का घर रिकामं करा लागते. अन् पाळणा कुठं जात नाही. मी वाचलं आहे, आजकाल सगळं सामान वर क्लाऊडमध्ये असते. ढग, गुणवंता, ढग! खाली उतरवून घेऊ."

गुणवंतानं वर पाहिलं. एप्रिलातलं आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा ठिपकाही नव्हता.

घरी आल्यावर गजेंद्ररावांनी पाट मांडला, त्यावर टॅब्लेट ठेवला आणि शोधत शोधत 'सर्व डेटा मिटवा' या बटनापर्यंत पोचले. गुणवंतानं त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि बटन दाबलं. गुणवंतानं डोळे मिटले. पण मशीन जुनं असलं तरी त्यांच्याहून शहाणं निघालं. बॅटरी कमी आहे, आधी चार्ज करा, असं म्हणून ते गप्प बसलं. आणि त्या टॅब्लेटला चार्ज होताना बघणं म्हणजे चुलीवर दगड शिजवणं.

"या जेवाले," आतून प्रतिभाताई म्हणाली. "वांग्याची भाजी गरम आहे."

"मी नाही. माझी एकादशी झाली पुंडलिकरावांकडं. साबुदाणा जड होते."

प्रतिभाताई कणकेचे हात घेऊनच बाहेर आली. "कोणती एकादशी?"

"आजची."

"अहो, आज अमावस्या नाही का? सकाळी नारळ फोडला ना यानं? तुमच्या खिशात खोबरं काय मी ठेवलं?"

गजेंद्ररावांनी खिसा चाचपला. खोबरं होतं.

"अमावस्येले एकादशी कशी येईन बाप्पा," ती म्हणाली. "एकादशीले अजून अकरा दिवस आहे. त्यांचं पंचांग दुसऱ्या सालचं असन. आपल्या आईकडं नाही का, जुनं कॅलेंडर भिंतीवर राहिलं अन् बाबा रामनवमीचं पन्हं घेऊन रिकाम्या देवळात जाऊन बसले?"

"टॅब्लेटमध्ये भिंत नसते, प्रतिभा," गजेंद्रराव म्हणाले. "हा कॉम्प्युटरचा मामला आहे."

"मंग पाहा तुमच्या कॉम्प्युटरमध्ये साल कोणतं आहे. भाजी गार होऊन राहिली."

ती आत गेली. गुणवंतानं टॅब्लेट उचलला आणि तारीख उघडली. दिवस बरोबर, महिना बरोबर. साल पुढचं. बिचाऱ्या टॅब्लेटला वाटत होतं की आपण एक वर्ष पुढं जगतोय, म्हणून त्याला घरातलं प्रत्येक ॲप शिळं वाटत होतं. वारही एक दिवस पुढं सरकला होता, आणि रिटायर माणसाला वार तो टॅब्लेटच सांगत असल्यानं पुंडलिकराव शनिवार समजून शुक्रवारीच जाऊन जामसांवलीच्या भक्तांवर नाराज होऊन आले होते.

गुणवंतानं साल मागं आणलं. रेकॉर्डिंगचं ॲप उघडलं. कोणी काही मागितलं नाही, कोणी मुदत सांगितली नाही. पडद्यावर एकच ओळ होती: पाळणा. गुणवंतानं ती वाजवली नाही. ते उद्याचं होतं. पण त्याच्या छातीवरचा दगड उतरला आणि तो दोन भाकरी जास्त जेवला.

"मी हेच म्हणणार होतो," गजेंद्रराव म्हणाले आणि त्यांनीही वांग्याची भाजी घेतली.

संध्याकाळी दोघं टॅब्लेट द्यायला गेले तेव्हा तृप्ती बाजारात गेली होती. गजेंद्ररावांनी बोट रोखून नुसतं "साल!" म्हटलं आणि पुंडलिकराव आरामखुर्चीत बसकन खाली बसले.

"मीच जी," ते म्हणाले. "पोरीसाठी पुढच्या सालचे मुहूर्त पाहाचे होते. ते पंचांग चालू महिना फुकट दाखवते, पुढच्या सालचे पैसे मागते. म्हटलं, आपण महिना कशाले विकत घ्यावा? सालच पुढं नेऊ, मंग तोच चालू महिना! मुहूर्त सापडले. तेवढ्यात दूधवाला आला, मी भांडं आणाले गेलो, अन् साल तिकडंच राहिलं."

"मंग सकाळी काहून नाही सांगितलं?" गुणवंतानं विचारलं.

"सांगणार कसं? ही जन्मभर म्हणत आली, तुम्ही कशाले हात लावू नका. उद्या पोरं येऊन राहिले, पाहुणे येऊन राहिले. गजेंद्रभौ, कोणाले सांगू नका जी."

आपण सोडवलेली केस कोणाला सांगायची नाही, हे गजेंद्ररावांना विषाचा पेला प्यायला सांगण्यासारखं होतं. पण ते मनानं वाईट नव्हते. "व्यवसायाचं गुपित," ते गंभीरपणे म्हणाले. "बाहेरच्या शक्तींवर ढकलतो."

दुसऱ्या दिवशी बारशाला घर भरलं होतं. गजेंद्रराव मधोमध उभे राहून तुषारला सांगत होते, "परदेशी हात होता. हॅकर. मी त्याले असा पिटाळला, का तो आता दुसऱ्या देशात असन." बायका ऐकत होत्या. प्रतिभाताई पाळण्याला फुलं बांधत होती आणि तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. पुंडलिकराव नवा सदरा घालून निर्धास्त चेहऱ्यानं फिरत होते.

आत्यानं, म्हणजे तृप्तीनं, बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी पाठीत धपाटे घातले. मग टॅब्लेट पाळण्याजवळच्या खुर्चीवर ठेवला आणि गुणवंतानं बटन दाबलं.

आधी नुसती खरखर आली. मग खणखणीत आवाजात अनुराधाबाई बोलल्या.

"चालू झालं का? ... नाही, तुम्ही दूर व्हा पाहू. तुम्ही हात नका लावू त्याले. तुम्ही कशाले बी हात लावला का ते बिघडते, अन् मंग म्हणता, मी नाही, मी नाही. तिकडं बसा."

सगळं घर वळून पुंडलिकरावांकडं पाहू लागलं. तृप्तीनं आधी बापाकडं पाहिलं, मग गजेंद्ररावांकडं. गजेंद्ररावांचा परदेशी हात हवेतच राहिला.

"नाही लावत," पुंडलिकराव टॅब्लेटला म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि सांगितल्याप्रमाणे तिकडं जाऊन बसले.

मग अनुराधाबाईंनी घसा खाकरला आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली.