दमामुक्तीची शेवटची सुई

अड्याळला बाबूलालजींच्या राईस मिलमध्ये ॲक्युपंक्चरचे दमामुक्ती शिबिर भरवण्याचे एकमताने ठरले. जागा फुकट होती आणि प्रायोजकही बाबूलालजीच होते, त्यामुळे हरकत घ्यायला कुणी उरले नाही. ऐन धानाच्या हंगामात मिल बंद ठेवणे शक्य नव्हते. म्हणून एका अंगाला धान भरडावे आणि दुसऱ्या अंगाला दमा घालवावा, अशी सुटसुटीत व्यवस्था झाली.

दारातच रुग्णांचे श्वासाचे पंप जमा करून घेण्यात आले.

“माहा पंप काहून घेता जी?” कोंढ्याहून आलेल्या लीलाबाईंनी विचारले. पंपाशिवाय त्या अंगणातही जात नसत.

“दोन्ही इलाज चालू ठेवले, तं गुण कोनाचा हे कसं समजणार, बाई?” बाबूलालजी म्हणाले.

मुद्दा शास्त्रीय असल्याने बाईंनी पंप देऊन टाकला. त्यांना पहिल्या रांगेत बसवून हातांना, गळ्याखाली सुया टोचण्यात आल्या. शेवटची सुई मात्र प्रमुख पाहुणे पुंडलिकराव यांनी टोचायची होती, आणि तोवर बाकीच्या काढायच्या नाहीत असा शिष्टाचार होता. पुंडलिकराव दुसरीकडचा सत्कार आटोपून निघणार होते. इकडे कोंड्याची धूळ मिलभर पसरली आणि लीलाबाईंची छाती वाजू लागली.

“मले दम लागून राहिला जी! पंप द्या!”

“सुई काम करून राहिली, बाई. रोग निघताना आवाज करतेच,” बाबूलालजींनी समजावले.

अखेर पाहुणे आले. स्वागताला फटाक्यांची लड लावण्यात आली. पुंडलिकराव माइकवर “बंधू आणि” एवढे बोलले आणि खोकत खाली बसले. त्यांनाही दमा होता, हे निमंत्रणपत्रिकेत नव्हते. बाबूलालजींनी धावत जाऊन जमा झालेल्यांतला हाताला लागेल तो पंप आणून त्यांच्या तोंडाला लावला. शिबिराचे नियम पाहुण्यांना लागू नव्हते.

पंप लीलाबाईंचा होता. बाईंना ओरडायलाही श्वास उरला नव्हता. त्या सुयांसकट उठल्या, मंचावर चढल्या, पंप हिसकावला, पदराने पुसला आणि दोनदा ओढला. छाती मोकळी झाली. खरे सांगतो, माझाही जीव भांड्यात पडला.

बाबूलालजींनी माइक घेतला. “पाहा! आत्ता जिले बसल्या जागी दम लागून राहिला होता, ते बाई मंचावर चढली! कमाल आहे सुईची!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “अजी, हा पंप...” लीलाबाई हात उंचावून सांगत होत्या, पण कुणाला ऐकू गेले नाही. मला तर शेजारच्या खुर्चीवरून फक्त तुमच्याच टाळ्या ऐकू येत होत्या, वाचकहो. मनगटातले ते बीपी उतरवायचे तांब्याचे कडे फार वाजते तुमचे.