सांगून दिलेली साखर

आमच्या गल्लीत कुणाचं काही दुखलं की इंगोले काकाजी साखरेची पुडी देतात. फसवून नाही हं! "पिठीसाखर हाये हे, औषध कायचंच नाही," असं आधी बजावतात आणि मगच देतात. शुगरवाल्यांना ज्वारीच्या लाह्यांचं पीठ. गंमत म्हणजे माणसाला बरं वाटतं. मला या गोष्टीचा कित्येक वर्षं मनस्वी राग होता, कारण मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

काकाजी मूळचे नरखेडकडचे, पण कामठीच्या एका दवाखान्यात त्यांनी अडतीस वर्षं कंपाउंडरकी केली. गोळ्या खलात घोटायच्या, साखरेत मिसळायच्या, पुड्या बांधायच्या. एकदा गर्दीच्या दिवसांत एका म्हाताऱ्या विणकराच्या पुड्यांत गोळीच घालायची राहून गेली. दोन दिवसांनी विणकर कंबर सरळ करून हजर. "कंपाउंडर साहब, यही पुडिया देना, पुरानीवाली नहीं!" काकाजींना घाम फुटला. त्यांनी डॉक्टरांपुढे कबुली दिली. डॉक्टर आधी भडकले, मग हसले आणि म्हणाले, "अरे, आता आराम पडणार अशी खात्री पटली, की मेंदू स्वतःच अफूच्या जातीचं औषध सोडतो. दुखणं त्यानं दबतं."

झालं! तेव्हापासून प्रत्येकाच्या डोक्यात एक कंपाउंडर बसलेला आहे, असं काकाजी मानतात. "बिना लायसनचा अफूवाला हाये तो. पण लय आळशी. त्याले उठवा लागते."

या उठवण्याचा थाट बघण्यासारखा असतो. वीस वर्षं शेजारी राहणाऱ्यालाही आधी पूर्ण नाव विचारायचं. मग शेतातल्या पिकाची काढावी तशी दुखण्याची आणेवारी. "सोळा आण्यांत किती?" आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई एकदा कळवळून "वीस आणे" म्हणाल्या, तर काकाजी त्यांच्यावरच रागावले. "सोळाच्या वर पीक नाही येत, अन् दुखणंही नाही येत!" मग रोग्यानं बसायचं, डोळे मिटायचे. काकाजी डोक्यावर तळहात ठेवणार आणि स्वतःच्या हातानं पुडी जिभेवर सोडणार. मात्र कुणी छातीत दुखतंय म्हणालं की पुडी खिशात आणि ऑटो दारात. त्या बाबतीत गडी पक्का.

मी त्यांच्याशी भांडायची. "काकाजी, ही शुद्ध फसवणूक आहे."

"सांगून देल्यावर फसवणूक कशी होते वं ताई?"

एकदा मे महिन्यात पेपर तपासता तपासता माझं अर्धं डोकं ठणकायला लागलं. घरातल्या गोळ्या संपलेल्या. नाइलाजानं काकाजींसमोर जाऊन बसले. बारा आण्यांचं दुखणं पंधरा मिनिटांत पाच आण्यांवर आलं. बरं वाटल्याचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

गेल्या पोळ्याच्या आधी इंगोले काकू वारल्या. काकाजी पुड्या बांधत राहिले, लोकांवर रागावत राहिले. आम्हाला वाटलं, सावरले.

परवा सकाळी दाराची बेल वाजली. काकाजी गुडघा धरून उभे. मी व्हरांड्यातली खुर्ची पुढे केली. त्यांनी शर्टाच्या खिशातून पुडी काढून माझ्यासमोर धरली.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"माह्यासाठीच."

"मग घ्या ना."

"चार दिवस घेऊन पाह्यली. डॉक्टरले दाखवलं, त्याच्या गोळ्याही चालू हायेत. पण आपल्याच हातानं पुडी घेतली तं आतला उठूनच नाही राहिला." ते पुडीशी चाळा करत राहिले. "तुही काकू देत होती ना मले. चाळीस वर्षं तिच्याच हातची घेतली."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या गल्लीच्या डोक्यावर या माणसानं हात ठेवला, आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला कुणी आहे का, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"नाव?" मी विचारलं.

काकाजी सावरून बसले. "रामकृष्ण सीताराम इंगोले," शाळेत हजेरी द्यावी तसं म्हणाले आणि डोळे मिटले.

मी त्यांच्या विरळ केसांवर हात ठेवला. रसायनशास्त्राची प्राध्यापिका मी, पण पुडी उघडताना एक कणही सांडू दिला नाही. साखर जिभेवर सोडली. डोक्यावरचा हात मात्र काढला नाही.

"ताई," डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "जेवणाआधी घ्याची का जेवल्यावर?"

"जेवताना," मी म्हटलं. "रोज. आमच्याकडं."

खुर्चीत बसल्या बसल्या, डोळे तसेच मिटलेले ठेवून, काकाजींनी पायातल्या चपला काढल्या.