दोन गाभे आणि एक अर्ज

बायकोचा, म्हणजे राजेश्वरीवहिनींचा, अर्ज छापायचा, एवढंच काम हिंदुरावांनी अंगावर घेतलं होतं. बारामतीच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाल्याचं वहिनींना त्यांच्या बहिणीनं, छकुलीनं, फोनवर कळवलं होतं. बी.एड. होऊन वहिनींना चार वर्षं झाली होती, आणि अर्ज शनिवारी पाचच्या आत शाळेत पोचायला हवा होता. इंदापुरात घरी संगणक असलेला माणूस म्हणजे हिंदुराव. (आणखी दोघांकडे होता म्हणतात, पण हिंदुराव ते मानत नसत.)

आता गुमान विंडोजवर छापून मोकळं व्हावं की नाही? पण हे पडले दूध संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख, म्हणजे त्या विभागातले एकटेच. पुण्याच्या कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी त्यांना स्वस्थ बसू देईना. गुरुवारी त्यांनी विंडोज पुसलं आणि लिनक्स घातलं. शुक्रवारी कळलं, की प्रिंटर चालत नाही. तो चालायला लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, घरीच नव्यानं बांधून घ्यावा लागणार होता. त्याचा कच्चा माल, म्हणजे सोर्स, सीडीवरच होता. पण त्याची पॅकेजं निघाली दोन: जुनं दोन-शून्य आवृत्तीचं आणि नवं दोन-दोनचं.

जुनं भरवशाचं. नवं मासिकानं डोक्यावर घेतलेलं. अख्खा शुक्रवार हिंदुरावांनी दोघांकडे आळीपाळीनं बघण्यात घालवला. (कार्यालयात पोट बिघडल्याचा निरोप गेला होता.) वहिनींनी दोनदा विचारलं, हातानं लिहू का? दोन्ही वेळा हे हसले. एकोणीसशे नव्व्याण्णव साली संगणकवाल्याच्या बायकोनं हातानं अर्ज करायचा म्हणजे नाकच कापलं की.

शनिवारी सकाळी शेतावरून हिंदुरावांचे वडील, सर्जेराव आबा, आले. सुनेनं त्यांना सगळी हकीकत सांगितली. संगणकातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण जुनं घ्यावं का नवं, हा तर दर लागणीला उसाचं बेणं निवडताना पडणारा प्रश्न.

"दोनी लाव की," आबा म्हणाले. "अर्धं जुनं, अर्धं नवं. जे जोमात येईल ते धरायचं."

"आबा, हा ऊस न्हाय."

"बेणंच हाय न्हवं? मग झालं तर."

हिंदुरावांना ते पटलं. बागायतदाराचं पोर कितीही शिकलं तरी बेण्याची गोष्ट काढली की विरघळतंच. तसा आबांचा सल्ला वाईट नव्हता. पण आबा दोन बेण्यांच्या मधे बांध घालतात. ह्यांनी दोन्ही पॅकेजं एकाच फोल्डरात, एकावर एक उलगडली, आणि काम सुरू केलं. पडद्यावर भराभर ओळी पळू लागल्या. आबा शेजारी खुर्ची ओढून कौतुकानं बघत बसले आणि उगवण चांगली हाय म्हणाले. मग चूक दाखवून यंत्र थांबलं. ती निस्तरली तर दुसरी. हिंदुरावांनीही हट्टानं दामटून गाभा बांधला, बसवला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू झालाच नाही.

तोवर एक वाजला होता. वहिनींनी ओट्यावरच फुलस्केप कागद पसरला, अर्ज लिहिला आणि दीडची एसटी धरली. हिंदुराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं. छापील अर्जांपुढं हातानं लिहिलेला कोण बघणार? चार वर्षांनी एक संधी आली, आणि ती आपल्या हौसेपायी गेली. आबांनी चहा पुढं केला, तोही त्यांनी घेतला नाही.

सहाला वहिनी परतल्या त्या हसतच, हातात भेळेचा पुडा घेऊन. रांगेत त्यांच्या पुढं नऊ जणी होत्या, म्हणे. नऊही जणींचे अर्ज संगणकावर छापलेले, आणि नऊही कारकुनानं खिडकीतूनच परत केले. जाहिरातीत अटच होती: अर्ज उमेदवाराच्या स्वहस्ताक्षरात हवा. घेतला तो एकट्या वहिनींचा.

हिंदुराव ताडकन उठून बसले. जिवात जीव आला, आणि पाठोपाठ छातीही फुगली.

"म्हणजे हे माझ्यामुळंच झालं म्हणायचं," ते म्हणाले.

"व्हय, तुमच्यामुळंच," वहिनी भेळ वाढता वाढता म्हणाल्या. "बुधवारी मुलाखत हाय. तवर तो संगणक दुरुस्त तेवढा करू नका."