टेकडीवरचा कंपायलर

एका जंगलात रेंज फक्त टेकडीवर मिळायची. बाकी सगळं खाली होतं. ओढा खाली, बिळं खाली, करवंदाच्या जाळ्याही खाली. म्हणून जंगलाचा कॉम्प्युटर टेकडीवरच्या एका सपाट कातळावर ठेवला होता. तो उन्हावर चालायचा. तो कशासाठी आणला, हे कोणाला आठवत नव्हतं. पण त्याला रोज फुलं वाहिली जायची.

मुलांनो, तुम्ही विचाराल, जंगलात कॉम्प्युटर कसा? तुमच्या शाळेत जसा आहे, तसाच. झाकलेला.

ओढ्याकाठच्या एका बिळात सायाळबाई राहायची. तिला दोन पिल्लं होती. धाकट्याचे काटे अजून कोणाला टोचत नव्हते, आणि याचं त्याला फार वाईट वाटायचं.

त्या ओढ्याला एक खोड होती. पाऊस लांब वरच्या डोंगरात पडायचा आणि पूर इथे यायचा. कधी कधी तर इथे लख्ख ऊन असायचं. म्हणून जंगलात पाळीची पद्धत होती. ज्याची पाळी असेल त्याने ओढ्यावर बसायचं आणि पाणी वाढलं की ओरडायचं.

पाळी सगळे इमानदारीने करायचे. फक्त पाण्याकडे कोणी बघायचं नाही, आणि चुकून कोणी ओरडलंच तर बाकीचे जागचे हलायचे नाहीत. माकडं उवा काढत बसायची. अस्वल झोपायचं. मागच्या पुरात अस्वलाचीच पाळी होती. पाणी सायाळबाईच्या बिळात शिरलं. धाकट्याच्या नाकातोंडात गेलं. तिने त्याला मानेला धरून ओढून काढलं, म्हणून तो वाचला.

"अहो अस्वलभाऊ, ओरडायचं तरी!" ती म्हणाली.

"ओरडलो असतो की," अस्वल म्हणालं. "पण मला कोणी उठवलंच नाही."

सायाळबाई तडक गव्याकडे गेली. गवा जंगलाचा सरपंच होता.

"सरपंच, ते टेकडीवरचं यंत्र झोपतं का हो?"

"यंत्र कशाला झोपेल?"

"मग त्यालाच पाळी लावा. ओढ्यात तार सोडा, सागाला घंटा बांधा. पाणी खुणेच्या वर आलं की घंटा वाजव, एवढंच त्याला सांगायचं."

गव्याला कल्पना आवडली. संध्याकाळपर्यंत ती त्याचीच झाली होती, आणि ओढ्यात तार सोडून काठच्या सागाला घंटाही बांधून झाली होती.

यंत्राला सांगण्यासाठी उदमांजराला बोलावलं. उदमांजर काही काळ शहरातल्या एका संगणक क्लासच्या माळ्यावर राहून आलं होतं. त्यामुळे सगळे त्याला साहेब म्हणत.

साहेबांनी यंत्राभोवती एक फेरी मारली.

"यंत्राला आपली भाषा कळत नाही," ते म्हणाले. "कंपायलर लागेल."

"तो कुठे राहतो?" गव्याने विचारलं.

"तो राहत नाही. तो आपलं सांगणं यंत्राला समजेल असं करून देतो."

"म्हणजे दुभाषा," सायाळबाई म्हणाली. "मग बोलवा त्याला."

"बोलवून येत नाही. बसवावा लागतो."

मग साहेब बसवायला बसले. सगळ्यात आधी पडद्यावर अटी आल्या. लांबच लांब अटी. खाली लिहिलं होतं, 'मी या अटी वाचल्या आहेत.' सगळ्यांनी एका आवाजात 'हो' म्हटलं. फक्त कासवआबा म्हणाले, "थांबा, मी वाचतोय." त्यांच्यासाठी कोणी थांबलं नाही. ते बाजूला बसून वाचत राहिले.

पडद्यावर एक हिरवी पट्टी उमटली आणि हळूहळू पुढे सरकू लागली. जंगलात इतकी छान गोष्ट कोणी पाहिली नव्हती. पट्टी शेवटाला आली आणि थांबली.

"झालं?" सायाळबाईने विचारलं.

"जवळपास. एक लायब्ररी, म्हणजे कंपायलरला लागणारं सामान, कमी आहे."

"मग ती आणा."

"ती तयार करावी लागते. तयार करायला कंपायलर लागतो."

"म्हणजे जो आपण बसवतोय, तोच?"

"तोच."



"साहेबांना मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका," गवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कुठून तरी जुना कंपायलर आणला, नवा बसवायला. जुन्याला जुनी लायब्ररी लागली. जुनी बसली तर नवी रुसली. नवी काढली तर यंत्रच रुसलं. मग साहेबांनी सगळं बंद करून परत चालू केलं. हा उपाय त्यांना फार आवडायचा.

ही बातमी जंगलभर पसरली. प्राणी रोज पोराबाळांना घेऊन टेकडीवर येऊ लागले. पट्टी सरकली की टाळ्या. पट्टी अडली की 'अरेरे'. माकडं चिंचा विकू लागली.

एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, "आज बसणार!"

त्या दिवशी सगळं जंगल वर आलं. गर्दीत सायाळबाईला अस्वल दिसलं.

"भाऊ, आज तुमची पाळी ना?"

"यंत्र आलंच की आता. मग पाळी कशाला?"

"अहो, आलं कुठे? अजून बसतंय."

"बसेल गं बाई. जरा सरक, पट्टी दिसत नाही."

खाली पाण्याकडे बघायला कोणीच नव्हतं. "मी जाते ओढ्यावर," ती पिल्लांना म्हणाली. "तुम्ही इथून हलू नका."

तेवढ्यात साहेब ओरडले, "कोणाकडे बारीक टोकाचं काही आहे का? इथे एक भोक आहे, त्यात खुपसायचंय."

सगळ्या जंगलाने सायाळबाईकडे पाहिलं.

"दोन मिनिटांचं काम आहे, सायाळबाई," गवा म्हणाला.

तिने एक काटा उपटून दिला. तो जाड निघाला. दुसरा दिला, तो मोडला. तिसरा बसला. पाठ चुरचुरत होती. ती निघणार, तर साहेब म्हणाले, "थांबा, परत लागेल."

पट्टी शेवटाला पोचली. पडद्यावर 'बसला' असं आलं.

"आता चालवा!" गवा म्हणाला.

साहेबांनी चालवलं. पडद्यावर आलं, 'कंपायलर सापडत नाही.'

"आत्ताच बसला ना?" सायाळबाई म्हणाली. "कुठे बसला?"

"यंत्रातच. पण यंत्राला तो कुठे बसलाय ते माहीत नाही. वाट दाखवावी लागते."

"असेल बाई," ती म्हणाली. "माझी पोरंही घरातच असतात आणि घरातच सापडत नाहीत."

साहेबांनी वाट दाखवली. ती चुकली. परत दाखवली. सगळे पडद्यात डोळे घालून बसले होते. ऊन लख्ख होतं. मग अचानक पडद्यावर अक्षरं उमटली.

'नमस्कार, जंगल!'

काय तो जल्लोष! माकडांनी चिंचा फुकट वाटल्या. गवा शेपटी उंच करून नाचला. सायाळबाई तेवढ्यात पिल्लांना घेऊन पायवाटेकडे वळली, आणि थांबली.

पायवाट नव्हती. टेकडीखाली सगळीकडे लाल पाणी होतं. जाळ्या बुडाल्या होत्या. तिचं बीळ कुठे होतं ते कळतही नव्हतं. साग गळ्यापर्यंत पाण्यात होता आणि घंटा वाहून गेली होती.

टाळ्या हळूहळू थांबल्या.

"घंटा कशी वाजली नाही?" अस्वलाने विचारलं.

"कशी वाजेल?" साहेब म्हणाले. "घंटेचा प्रोग्राम अजून लिहायचाय. आत्ता नुसता कंपायलर बसलाय."

गव्याने सगळ्यांकडे नजर फिरवली. मुंगीपासून हरणापर्यंत सगळे टेकडीवर होते. त्याने घसा साफ केला.

"मंडळी! पाळी होती तेव्हा दर पुरात कोणी ना कोणी बुडायचं. यंत्र बसवायला घेतलं, आणि आज एकाच्याही पायाला पाणी लागलं नाही! याला म्हणतात प्रगती."

साहेबांच्या गळ्यात जास्वंदीचा हार पडला. साहेब लाजले.

सायाळबाईने धाकट्याला हुंगलं. तो कोरडा होता. ती बोलणार होती की घंटा वाजली नाही, कोणी ओरडलं नाही, आपण फक्त पट्टी बघत बसलो होतो. पण मग ती थांबली. 'पाणी येतंय' म्हटल्यावर आजवर कोणी जागचं हललं नव्हतं.

ती साहेबांजवळ गेली.

"साहेब, आता सगळं बसलं?"

"छे! उद्याच नवी आवृत्ती येतेय. परत पहिल्यापासून."

"बरं झालं," ती म्हणाली. "घाई करू नका हं."

तेव्हापासून ती रोज वरच्या डोंगराकडे बघते. तिकडे काळं दिसलं की बिळाबिळापाशी जाऊन सांगते, "ऐकलंत का? नवी आवृत्ती आली! आज बसणार!" सगळं जंगल पोराबाळांना काखेत मारून टेकडीवर पळतं. अस्वल सगळ्यात पुढे असतं.

घंटेचा प्रोग्राम अजून लिहायचा आहे. कासवआबा अजून अटी वाचत आहेत. त्या जंगलात त्यानंतर कोणी बुडालेलं नाही.

तात्पर्य: मुलांनो, हाती घेतलेलं काम वेळेत पूर्ण करावं, असं मोठी माणसं सांगतात. तसं अजिबात करू नये. काम पूर्ण झालं असतं, तर सगळे घरी गेले असते.